आरोग्यसंस्थेचा लोगो: काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर

"या लोगोचं पाकीट माझ्या घरी पाठवू नका."

लोगोच्या चार नमुन्यांवर तासभर चर्चा झाली होती. तोवर गप्प बसलेल्या एका ताईंनी हे वाक्य उच्चारलं. त्या स्वतः रुग्ण होत्या आणि रुग्णांच्या वतीने बैठकीला आल्या होत्या. समोरच्या नमुन्यात आजाराचं नाव ठळक अक्षरांत होतं, वर एक फीत आणि फितीतून तयार झालेली वाकलेली मानवाकृती. विश्वस्तांना तो पसंत होता, मलाही होता. ताईंचं म्हणणं एवढंच होतं, की आजाराबद्दल त्यांनी अजून शेजारीपाजारी कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि ते काम पाकिटाने परस्पर करावं असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या दिवसापासून आरोग्यसंस्थेचा कुठलाही लोगो समोर आला की मी आधी एकच प्रश्न विचारते: ज्याला हा आजार आहे, तो माणूस हे चिन्ह हातात धरून चारचौघांत उभा राहू शकेल का? साबणाच्या किंवा बँकेच्या लोगोला हा प्रश्न लागू पडत नाही. आपल्या लोगोकडे येणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, नुकताच रिपोर्ट हातात पडलेला असतो, आणि पुढच्या दहा सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की इथे फोन करावा की नको. खाली कामाचा जो क्रम दिला आहे, तो याच माणसाला समोर ठेवून लावला आहे.

पहिली पायरी: पेन्सिल उचलण्याआधी कागदावर लिहा

लोगो कुठे कुठे दिसणार याची यादी करा. लेटरहेड, देणगीची पावती, रबरी शिक्का, शिबिराचा बॅनर, स्वयंसेवकाचा टी-शर्ट, फोनवरचं इवलंसं गोल चित्र, रुग्णाच्या हातातली पुस्तिका, दवाखान्याच्या भिंतीवर झेरॉक्स करून चिकटवलेला कागद. ही यादी पुढे प्रत्येक वादात उपयोगी पडते, म्हणून आळस करू नका.

त्याच कागदावर लिहा की तो कोण पाहणार. साधारणपणे तीन जण असतात: रुग्ण व त्याचे घरचे, देणगीदार, आणि डॉक्टर-परिचारिका. या तिघांच्या अपेक्षा जुळत नाहीत आणि बहुतेक लोगो इथेच बिघडतात. देणगीदाराच्या मनाला पाझर फुटावा म्हणून काढलेलं चित्र रुग्णाला बिचारं करून टाकतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑटिझमचं आहे. ब्रिटनमधल्या ऑटिझम संस्थेने १९६३ साली कोड्याचा एक तुकडा हे चिन्ह घेतलं आणि त्या तुकड्यात रडणाऱ्या मुलाचं चित्र होतं. हेतू चांगलाच होता: न उलगडलेली स्थिती, अडचणीत असलेलं मूल. पुढे तीच मुलं मोठी झाली, स्वतःबद्दल बोलू लागली आणि म्हणाली, आम्ही म्हणजे कोडं नाही, आमच्यातला कुठला तुकडा हरवलेलाही नाही. त्या संस्थेने हे चिन्ह केव्हाच सोडलं. अनेक ऑटिस्टिक व्यक्ती आज सप्तरंगी अनंत-चिन्ह वापरतात. ते त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं आहे, आणि दोन चिन्हांत मला हाच फरक सर्वांत मोठा वाटतो.

नावाचंही तसंच. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या 'स्पॅस्टिक्स सोसायटी' या ब्रिटिश संस्थेने १९९४ साली आपलं नाव बदलून 'स्कोप' केलं, कारण जुन्या नावातला शब्द तोवर शाळेच्या मैदानांवर शिवी म्हणून वापरला जाऊ लागला होता. तुमच्या संस्थेच्या नावातच असा काटा असेल, तर लोगोवर पैसे घालू नका. आधी नावाचा निर्णय घ्या.

दुसरी पायरी: चित्र हवंच का, ते ठरवा

बऱ्याचदा नको असतं. नीट, ठाम, वाचायला सोप्या अक्षरांत लिहिलेलं संस्थेचं नाव हाच लोगो पुरतो, विशेषतः संस्था लहान असेल आणि जाहिरातीला पैसा नसेल तेव्हा. चित्र लोकांच्या मनात रुजवायला वर्षं लागतात; नाव पहिल्या दिवसापासून वाचता येतं.

आद्याक्षरांच्या मोहात पडू नका. लांबलचक नावाची चार अक्षरं उचलून केलेला लोगो संस्थेत काम करणाऱ्यांना ओळखीचा वाटतो, बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही. आद्याक्षरं घ्यायचीच असतील तर शेजारी पूर्ण नाव, किमान 'आम्ही काय करतो' हे सांगणारी एक ओळ, लोगोचा भाग म्हणूनच घ्या.

नाव दोन लिपींत लागणार असेल तर दोन्ही लिपी पहिल्या दिवसापासून एकत्र आखा. रोमन अक्षरांसाठी केलेल्या मांडणीत देवनागरी नंतर कोंबली की शिरोरेषा एकीकडे आणि मात्रा-वेलांट्या दुसरीकडे अशी ओढाताण होते, आणि जोडाक्षरं लहान आकारात गचडतात.

तिसरी पायरी: जे वापरता येत नाही, ते बाजूला काढा

आरोग्य म्हटलं की पांढऱ्यावर लाल क्रॉस, असं हातच काढून मोकळा होतो. हा क्रॉस वापरायला तुम्हाला परवानगी नाही. १८६३ साली जिनिव्हातल्या परिषदेत युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी तो ठरला आणि १८६४ च्या जिनिव्हा कराराने त्याला कायद्याचं बळ मिळालं. स्विस ध्वजाचे रंग उलटे करून तो बनतो. त्याचा अर्थ 'इथे औषध मिळेल' असा नसून 'यांच्यावर गोळी झाडू नका' असा आहे. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार खासगी व्यक्ती, संस्था किंवा कंपन्यांना तो, आणि त्याची नक्कल वाटेल असं चिन्हही, वापरायला मनाई आहे. अनेक देशांत हा गुन्हा आहे. ऑटोमन साम्राज्याने १८७६ साली वापरायला सुरुवात केलेली लाल चंद्रकोर आणि २००५ च्या प्रोटोकॉलने आलेला लाल स्फटिक यांनाही हेच संरक्षण आहे.

"आम्ही थोडा वेगळा लाल घेऊ" किंवा "कोपरे गोल करू" ही पळवाट चालत नाही. अमेरिकेत ॲम्ब्युलन्सवर नारिंगी क्रॉस रंगवला जात असे. तो लाल क्रॉसच्या फार जवळ जातो असा आक्षेप १९७३ साली अमेरिकन रेडक्रॉसने घेतला आणि त्यातून सहा बाहूंचा निळा 'स्टार ऑफ लाइफ' जन्माला आला. एका अडचणीतून जगभर ओळखलं जाणारं चिन्ह निघालं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. मनाई झाली म्हणजे कल्पना संपल्या, असं होत नाही.

हिरव्यावर पांढरा क्रॉस हे प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय सुरक्षाचिन्ह आहे. तो लोगोत घेतला तर लोक बँडेज मागायला येतील. जागतिक आरोग्य संघटनेचं चिन्हही परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्याची आठवण करून देणारी, पृथ्वी-ऑलिव्हच्या फांद्या-साप अशी रचनाही टाळलेली बरी.

सापाचं निघालंच आहे तर सांगते. वैद्यकाचा ग्रीक देव ॲस्क्लेपियस. त्याच्या काठीला एकच साप आणि पंख नाहीत. दोन साप आणि पंख असलेला दंड हर्मिसचा. हा देव व्यापाराचा आणि निरोप पोहोचवण्याचा. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाने १९०२ साली दोन सापांचा दंड घेतला आणि घोळ पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली मात्र योग्य काठी निवडली. धर्मादाय संस्थेने तरी व्यापाराच्या देवाचा दंड मिरवू नये.

चौथी पायरी: झिजलेल्या कल्पनांची छाननी

हृदय, दोन ओंजळी, हात वर केलेला माणूस, पान, फीत. पहिल्या बैठकीत या पाच गोष्टी कागदावर येतातच. येऊ द्या, एका जागी लिहून काढा आणि मग प्रत्येकीला विचारा: दुसऱ्या संस्थेचं नाव खाली लिहिलं तर चित्र तितकंच शोभेल का? शोभत असेल तर ते तुमचं नाही.

फितीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिचा मोह सर्वांत मोठा. एड्सची लाल फीत १९९१ साली न्यूयॉर्कमधल्या 'व्हिज्युअल एड्स' या गटातल्या कलावंतांनी तयार केली आणि मुद्दाम तिच्यावर कुणाचा हक्क ठेवला नाही. कुणीही रिबिनीचा तुकडा कापावा, पिन लावावी, झालं. तेव्हा एड्सचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते. त्या शांततेत ती छोटीशी फीत म्हणत होती, 'मी तुमच्या बाजूचा आहे'. माझ्या मते या क्षेत्रातलं हे आजवरचं सर्वांत सुंदर काम आहे. १९९२ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी गुलाबी फीत आली, आणि मग रांगच लागली. आज जांभळी फीत अल्झायमर, स्वादुपिंडाचा कर्करोग, घरगुती हिंसाचाराचा निषेध अशा अनेक कामांसाठी वापरतात. रस्त्यावरच्या माणसाने ओळखायचं तरी कसं?

लाल फितीला हक्क नको होता, कारण ती सगळ्यांची व्हायची होती. तुमच्या संस्थेचा लोगो नेमका याच्या उलट, तुमचाच असायला हवा, कारण माणूस त्याच्यावर विसंबून तुमच्याच हेल्पलाइनला फोन करणार आहे. फीत मोहिमेच्या दिवशी छातीवर लावा. लोगोत नको.

आजाराचं सामाईक चिन्ह असावं कसं, याचा चांगला नमुना मधुमेहाच्या निळ्या वर्तुळात दिसतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ते २००६ साली पुढे आणलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन मानणारा ठराव केला. या चिन्हात सुई नाही, रक्ताचा थेंब नाही, साखरेचा चौकोन नाही. मूलसुद्धा काढू शकेल असं वर्तुळ आहे आणि ते शर्टावर लावून मधुमेही माणूस ताठ मानेने फिरू शकतो.

पाचवी पायरी: शरीर चुकीचं काढू नका

चित्रात शरीर किंवा उपकरण असेल तर छपाईआधी डॉक्टरला दाखवा. काही चुका इतक्या नेहमीच्या आहेत की आधीच सांगून ठेवते.

डीएनएचा पीळ उजव्या हाताचा असतो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा: उभा धरला तर पुढच्या बाजूची पट्टी डावीकडून उजवीकडे वर चढते. मांडणीत 'बरं दिसतंय' म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं की पीळ डावखुरा होतो, आणि जनुकीय आजारांवर काम करणाऱ्या संस्थेच्या लोगोतली ही चूक तज्ज्ञाच्या नजरेतून सुटत नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, आणि डाव्या बाजूला हृदयासाठी खाच. चित्र खूपच सोपं केलं असेल तर हे तपशील गाळले तरी चालतात. पण दाखवणार असाल तर बरोबर दाखवा. समोरून पाहताना रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, हेही विसरू नका.

सर्वांत वाईट म्हणजे ईसीजीची रेघ. दोन-तीन टोकं काढून ती पुढे सरळ आडवी नेलेली असते, कारण त्या आडव्या रेषेवर संस्थेचं नाव छान बसतं. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेल्या माणसाला सरळ झालेल्या रेषेचा अर्थ सांगावा लागत नाही.

सहावी पायरी: लढाई, दया आणि आशा

अमेरिकन कॅन्सर सोसायटीची तलवार १९२८ च्या पोस्टर स्पर्धेतून आली. क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेसाठी दुहेरी आडव्या पट्टीचा क्रॉस १९०२ साली बर्लिनच्या परिषदेत सुचवला गेला, तोही धर्मयुद्धाच्या भाषेत. त्या काळात हे समजण्यासारखं होतं: आजारावर बोलायचीच चोरी होती, हात-पाय गाळून बसलेल्या समाजाला उठवायचं होतं. पण लढाईच्या चित्रात कुणीतरी जिंकतं आणि कुणीतरी हरतं. ज्याचा आजार बरा होणार नाही, त्याला तलवार पाहून काय वाटेल याचा विचार करा. तुमचं काम संशोधनाचं असेल तर लढ्याची भाषा एक वेळ चालेल. शुश्रूषेचं, सोबतीचं किंवा उपशामक सेवेचं असेल तर मी ती कधीच वापरणार नाही. कर्करोगाच्या रुग्णांना आधार देणाऱ्या ब्रिटनच्या मॅकमिलन संस्थेने २००६ साली नावातला 'रिलीफ' काढून 'सपोर्ट' घेतला आणि लोगोसाठी हाताने रंगवल्यासारखी जाड हिरवी अक्षरं निवडली. शस्त्र नाही, अश्रू नाही. शेजारच्या माणसाने स्वतःच्या हाताने पाटी लिहावी तसं ते वाटतं.

मानवाकृती काढत असाल तर पाहा, की चित्रात कोण काहीतरी करतंय. एक मोठा हात आणि त्यात एक लहान माणूस, या चित्रात सगळं कर्तृत्व हाताचं असतं. अपंगांच्या सोयींसाठीचं व्हीलचेअरचं चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं, तेव्हा त्यात फक्त खुर्ची होती; डोकं नंतर जोडलं गेलं. अलीकडे काही ठिकाणी पुढे झुकून स्वतः चाक फिरवणारी आकृती वापरतात. खुर्ची, मग खुर्चीतला माणूस, मग खुर्ची चालवणारा माणूस. तुमची आकृती यांपैकी कुठे बसते ते बघा.

सातवी पायरी: आधी काळ्या रंगात

रंग शेवटी. आधी पूर्ण लोगो फक्त काळ्या रंगात उभा करा. वन्यजीव वाचवण्यासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेचा पांडा १९६१ साली काळा-पांढरा ठरला, त्यात छपाईचा खर्च वाचवण्याचाही विचार होता. आरोग्यसंस्थेला हा हिशेब आणखी लागू आहे. काळ्यात जमला तर शिक्क्यावर, झेरॉक्सवर, पावतीवर जमेल. छटांचा ओघळ, सावली, चकाकी यांवर उभा असेल तर तिसऱ्या झेरॉक्सला त्याचा डाग होतो.

मग लहान करून पाहा: ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेल, मेसेजच्या ॲपमध्ये गोल. गोलात कोपरे कापले जातात, म्हणून लांब आडव्या लोगोबरोबर एक आटोपशीर रूप लागतंच.

रंग निवडताना केवळ लाल-हिरव्याच्या फरकावर अर्थ टांगू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हा फरक नीट दिसत नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ तफावत मागतात आणि लोगोतल्या अक्षरांना सूट देतात. ती सूट घेऊ नका. तुमच्या वाचकांत मोतीबिंदू झालेले, मधुमेहाने नजर अधू झालेले, औषधांच्या गुंगीत असलेले लोक आहेत; फिकट निळ्यावर पांढरी बारीक अक्षरं त्यांना दिसणार नाहीत.

आठवी पायरी: 'आवडला का?' हे विचारू नका

आवडीनिवडीला अंत नसतो आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याची आवड जिंकते. चाचणी कशी घ्यावी हे शिकायला जैवधोक्याच्या (बायोहॅझर्ड) चिन्हाकडे पाहा. १९६६ साली डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि सहकाऱ्यांना असं चिन्ह हवं होतं, जे लक्षात राहील पण ज्याला आधीपासून काही अर्थ चिकटलेला नसेल. त्यांनी आपले नमुने ओळखीच्या चिन्हांत मिसळून लोकांना दाखवले आणि अर्थ ओळखायला सांगितला. आठवड्याने आणखी नवी चिन्हं मिसळून विचारलं, यातली कोणती आधी पाहिली होती? ज्याचा अर्थ कुणाला सुचला नाही पण जे सर्वांत जास्त आठवलं, ते निवडलं गेलं.

तुम्हाला शेकडो लोकांची गरज नाही. दहा-बारा रुग्ण किंवा त्यांचे घरचे, तितकेच बाहेरचे लोक. लोगो पाच सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: ही संस्था काय करत असेल? चुकीची उत्तरं नीट लिहून घ्या, त्यांतच खरी माहिती असते. आठवड्याने इतर लोगोंत मिसळून पुन्हा दाखवा. रुग्णांना वेगळे दोन प्रश्न विचारा: हा लोगो असलेली पिशवी घेऊन तुम्ही बाहेर पडाल का? आणि पहिल्यांदा आजार कळला त्या दिवशी हे पाहून काय वाटलं असतं? दुसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

नववी पायरी: जुना लोगो असेल तर

तो मोडीत काढण्याआधी किती जण त्याला ओळखतात ते तपासा. रंग किंवा अक्षरांचं वळण यांतलं काहीतरी नव्यात टिकवा, म्हणजे जुना देणगीदार आणि जुना रुग्ण चुकत नाही. जुने कागद संपेपर्यंत वापरा. देणगीच्या पैशांतून छापलेले लेटरहेड रद्दीत गेले, की त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं आणि ते देता येत नाही.

दहावी पायरी: हक्क आणि फायली

स्वयंसेवकाने फुकट काढून दिला तरी हक्क संस्थेकडे आल्याचा लेखी कागद घ्या. तयार चित्रांच्या संग्रहातलं चित्र लोगोत वापरायला बहुतेक परवाने मनाई करतात, आणि तेच चित्र उद्या दुसऱ्या संस्थेच्या, किंवा औषध कंपनीच्याही, पत्रावर दिसू शकतं. नोंदणीकृत ट्रेडमार्कांत शोध घ्या. डिझायनरकडून व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी, मागा; नुसतं जेपीजी घेतलं तर पहिल्याच मोठ्या बॅनरला कडा फाटतील. रंगीत, एकरंगी, काळ्यावर पांढरा आणि गोल, अशी चार रूपं एका फोल्डरमध्ये आणि एका पानावर वापराचे नियम: भोवती किती जागा सोडायची, किती लहान करायचा, काय करायचं नाही.

त्या पानावर मी आता एक ओळ नेहमी घालते: रुग्णाच्या घरी जाणाऱ्या पाकिटावर लोगो आणि आजाराचं नाव छापायचं नाही, फक्त परतीचा पत्ता. त्या ताईंच्या संस्थेत हा नियम त्यांनीच सुचवला. लोगो पाकिटाच्या आत आहे, पत्राच्या डोक्यावर, आणि त्यातली वाकलेली आकृती त्यांनी काढायला लावली.